ठेवू या का इथंच?

"ताई, नमस्कार. वय ६९. जन्म लालबागच्या चाळीतला. नऊ वर्षं मिलमध्ये काढली, संपानंतर मिळेल ते काम केलं. १९८२ साली संप सुरू झाला, हाताला काम नव्हतं, तेव्हा समोरच्या खोलीतल्या मित्राबरोबर गॅलरीत बुद्धिबळाचा पट मांडला. तेव्हापासून रविवारी रात्री एक डाव. वही ठेवली आहे. तो १,००४ जिंकला, मी ९९१, बरोबरी १११. आता चाळ पाडायची आहे, खोल्या रिकाम्या होताहेत. मित्र मुलाकडे विरारला गेला. जायच्या आदल्या रात्री शेवटचा डाव झाला. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती, त्याची चार प्यादी, माझी तीन, सगळी राजाच्या बाजूला. साडेअकरा वाजून गेले होते. त्याने खेळी केली आणि म्हणाला, 'ठेवू या का इथंच?' मी म्हणालो, 'ठेव.' दुसऱ्या दिवशी नातवाने तीच मांडणी फोनमध्ये घातली. फोन म्हणतो, पांढरा ०.७ ने पुढे. नातू म्हणाला, 'आजोबा, ते जिंकत होते, तुम्हाला सोडलं त्यांनी.' तेव्हापासून मन लागत नाही. ४३ वर्षांत त्याने मला एक प्यादं फुकट दिलं नाही, मग शेवटच्या दिवशी दया कशाला? त्याला विचारू का? वहीत त्या डावापुढची जागा अजून कोरी आहे. आणि आता वही कुणी ठेवायची?"

काका, नमस्कार.

पत्राच्या पाठीमागे तुम्ही पट्टीने चौसष्ट घरं आखून सोंगट्या कुठे होत्या ते दाखवलंत, त्याबद्दल आधी आभार. नुसत्या शब्दांवर उत्तर द्यायचं झालं असतं तर मीही मैत्री, वय, निरोप असं काहीबाही लिहून मोकळी झाले असते. आता पट समोर आहे म्हटल्यावर तशी सुटका नाही. माझ्या पटातला एक काळा हत्ती केव्हाचा हरवलाय, त्याच्या जागी दोऱ्याचं रीळ ठेवलं आणि तुमच्या बाजूने बसले. राजा जी ७ वर (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा), प्यादी एफ ७, जी ६ आणि एच ५, हत्ती थेट त्यांच्या दुसऱ्या रांगेत घुसलेला. पाच मिनिटं बघितलं आणि मनात म्हटलं, यात दया कुठे दिसतेय?

आधी त्या ०.७ चं बघू, कारण सगळी आग तिथून लागली आहे. फोनमधला आकडा प्याद्यांच्या मापात असतो. एक म्हणजे साधारण एका प्याद्याइतकी आघाडी. म्हणजे तुमचे मित्र पाऊण प्याद्यानेसुद्धा पुढे नव्हते, आणि तेही पटावर एक प्यादं उघडउघड जास्त असताना! जास्तीचं प्यादं दिसूनही फोन त्याची पूर्ण किंमत द्यायला तयार नाही, हे तुमच्या नातवाच्या लक्षात आलं नाही. आणखी एक गोष्ट. दोन्ही राजे धरून सात सोंगट्या उरल्या की त्यापुढचा प्रत्येक डाव संगणकाने शेवटच्या खेळीपर्यंत सोडवून ठेवलेला आहे. तिथे तो सांगेल ती काळ्या दगडावरची रेघ. तुमच्या पटावर सोंगट्या होत्या अकरा. अकरा सोंगट्यांवर फोनही अंदाजच करतो. चांगला अंदाज, पण अंदाज.

दोन्हीकडे हत्ती, सगळी प्यादी एकाच बाजूला आणि चारास तीन, ही स्थिती बुद्धिबळवाल्यांनी चावून चावून चोथा केलेली आहे. बचाव करणाऱ्याने एच प्यादं, म्हणजे कडेच्या उभ्या रांगेतलं, वेळेवर पाचव्या घरात नेलं असेल, राजा प्याद्यांजवळ असेल आणि हत्ती मोकळा असेल, तर नीट खेळून डाव बरोबरीत सुटतो. तुमच्याकडे या तिन्ही गोष्टी होत्या. कारणही सोपं आहे. समोरच्याला पुढे सरकायचं तर प्यादी ढकलावी लागतात, ढकलली की तुमच्या प्याद्यांशी मारामारी होते, आणि दर मारामारीला दोन्हीकडचं एकेक प्यादं जातं. चारास तीनचे तीनास दोन होतात, मग दोनास एक, आणि शेवटी त्यांच्याकडे हत्ती नि एक प्यादं, तुमच्याकडे नुसता हत्ती. तोपर्यंत तुमचा राजा त्या प्याद्याच्या वाटेत उभा असला की झालं. तिथला बचाव फिलिडोर नावाच्या फ्रेंच माणसाने १७७७ मध्ये लिहून ठेवला आहे: हत्ती आपल्याकडून तिसऱ्या रांगेत उभा करायचा, त्यांच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही, प्यादं त्या रांगेत आलं की हत्ती पार पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शहावर शह देत राहायचं. राजाला लपायला जागाच उरत नाही. तुम्हाला फिलिडोर हे नाव माहीत नसेल, पण ४३ वर्षांत हे तुम्ही शंभर वेळा केलं असणार, आणि तुमच्या मित्राने ते शंभर वेळा सोसलं असणार. पुढे काय होणार ते त्यांना फोनपेक्षा जास्त माहीत होतं.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर मी तुमची समजूत काढतेय असं होईल. हिशोबाने बरोबरीचा डाव हरता येतो. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाने यीट्स नावाच्या इंग्रज खेळाडूला याच चारास तीनमध्ये हरवलं. यीट्सने एच प्यादं वेळेत पुढे टाकलं नाही. आणि परवापरवाचं तर तुम्हीही टीव्हीवर पाहिलं असेल. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जागतिक अजिंक्यपदाचा चौदावा डाव. आपला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग, साडेसहा-साडेसहावर. मधले सलग सात डाव बरोबरीत गेलेले. याही डावात दोघांकडे हत्ती नि उंट, प्यादी एकाच बाजूला, गुकेशकडे एक जास्त. सगळे तज्ज्ञ म्हणत होते बरोबरी. गुकेश उठला नाही, खेळत राहिला. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती भलत्या घरात नेला, हत्ती-उंटांची मारामारी झाली, आणि अठराव्या वर्षी गुकेश जगज्जेता झाला.

म्हणजे तुमच्या मित्रालाही खेळत राहता आलं असतं. आणखी चाळीस खेळ्या, दीड तास. तुमचे डोळे जड झालेले, सकाळी सामानाचा टेम्पो यायचा. कुठेतरी हत्ती चुकीच्या घरात गेला असता. तेवढी संधी त्यांच्याकडे नक्की होती आणि ती त्यांनी सोडली, हे मी लपवणार नाही. पण ती संधी त्यांच्या प्याद्यात नव्हती काका, तुमच्या झोपेत होती. हजार चार डाव जिंकलेल्या माणसाला हजार पाचवा डाव तुमच्या झोपेकडून घ्यावासा वाटला नाही. मला त्यांचं मन कसं कळणार? पण पट वाचता येतो, आणि पट एवढंच सांगतो.

शिवाय दया करायचीच होती तर ते हरले नसते का? निरोपाच्या रात्री मित्राला जिंकू द्यायचं, हत्ती चुकून मारात ठेवायचा, 'अरे, दिसलंच नाही बघ' म्हणायचं. दया अशी असते. अर्धीच दया कोण करतो?

तुमच्या वहीतल्या आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबले. १,००४ आणि ९९१. तुम्ही लिहिलंय, 'तो माझ्यापेक्षा उजवा आहे, वहीच सांगते.' वही तसं काही सांगत नाही. १,९९५ डावांचा निकाल लागला आणि फरक तेराचा. एखादं नाणं १,९९५ वेळा उडवलंत तर छाप्यात आणि काट्यात चाळीस-पंचेचाळीसचा फरक अगदी सहज पडेल, आणि त्यावरून नाण्यात खोट आहे असं कुणी म्हणणार नाही. तेरा म्हणजे काहीच नाही. तुम्ही दोघं सारखे आहात, इतके सारखे की असं उदाहरण शोधून सापडायचं नाही. स्पर्धांमध्ये रेटिंग, म्हणजे खेळाडूचं बळ मोजणारा आकडा, असतं ना, त्याचा हिशोब असा आहे की सारख्या रेटिंगचे दोघं बरोबरीत सुटले तर दोघांचा एक अंशसुद्धा हलत नाही. कारण गणिताला तेच अपेक्षित असतं. जिंकलं किंवा हरलं तरच गणिताला दुरुस्ती करावी लागते.

तुमच्या वहीत उलट बरोबऱ्याच कमी आहेत, १११ फक्त. शंभरात पाच. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. चाळीतल्या पटावर बरोबरी म्हणजे पळपुटेपणा असं मानायची रीतच होती. आमच्या गिरगावातही तसंच. आणि त्याआधी, आपल्या आजोबांच्या देशी खेळात तर बरोबरी ही जिंकणाऱ्याची फजिती असायची. समोरच्याचा राजा एकटा उरला की डाव बुर्ज, म्हणजे बरोबरी, म्हणून शेवटची सोंगटी मारायची नाही, ती जपून ठेवून मात करायची. माझे वडील ते नियम सांगताना असे रंगायचे! प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर, राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. तुमच्या पिढीने तो खेळ सोडून आंतरराष्ट्रीय नियम धरले, पण बरोबरी म्हणजे कमीपणा ही जुनी सवय तेवढी पटाबरोबर आली असावी.

तुम्ही दोघं गॅलरीत खेळत होता तेव्हा, सप्टेंबर १९८४ मध्ये, मॉस्कोत जगज्जेता कार्पोव आणि त्याला आव्हान देणारा कास्पारोव बसले. आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, बरोबरी मोजायची नाही, असा नियम. पाच महिने झाले, ४८ डाव झाले, त्यातले ४० बरोबरीत. पाच-तीनवर जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये सामनाच थांबवला. निकाल नाही. तुम्हा मिलवाल्यांना यात नवल वाटू नये. अडीच लाख माणसं १८ जानेवारी १९८२ ला ज्या संपावर गेली तो अजून कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. पण ते राहू दे, तो वेगळा विषय आहे आणि त्यात बरोबरी झाली असं म्हणायची माझी हिंमत नाही.

स्पर्धेला विजेता लागतो. २०२५ च्या महिला विश्वचषकात अंतिम फेरीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यावर हंपी आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखला कमी वेळाचे डाव खेळायला लावले, तेव्हा कुठे दिव्या जिंकली. कप एकच होता. तुमच्या रविवारच्या डावाला कप कुठला? चहासुद्धा आळीपाळीनेच व्हायचा असं तुम्हीच लिहिलंय.

वाईट बरोबरी कशी असते ते मला ठाऊक आहे, मी एक केलेली आहे. १९८१ मध्ये रोहिणी खाडिलकर आशियाई विजेत्या झाल्या तेव्हा मी शाळेत होते, आणि आमच्या भागातल्या प्रत्येक मुलीच्या हातात घरच्यांनी पट दिला होता. कॉलेजात पोहोचेपर्यंत मी बऱ्यापैकी खेळत होते. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत समोर नाव कमावलेला मुलगा आला. मी एक घोडा पुढे होते, आणि तरी घाबरून 'ड्रॉ?' म्हणाले. त्याने माझं वाक्य संपायच्या आत हात पुढे केला. त्या हाताचा वेग मी अजून विसरलेले नाही. ती बरोबरी भीतीची होती. तुमच्या मित्राच्या 'ठेवू या का इथंच?' मध्ये मला ती भीती दिसत नाही, आणि तुमच्या 'ठेव' मध्येही नाही.

त्या 'ठेव' बद्दल पत्रात तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, काका. बरोबरी एकट्याने देता येत नाही. नियमच तसा आहे: आपली खेळी करायची आणि मग विचारायचं, विचारल्यावर शब्द मागे घेता येत नाही, समोरच्याने नाही म्हटलं, किंवा नुसता खेळायला म्हणून सोंगटीला हात लावला, तरी नकार. तुमच्या मित्राने अगदी नियमाप्रमाणे, खेळी करून विचारलं. तुमचा हत्ती वीतभर अंतरावर होता. हात लावला असतात तर डाव पुढे चालू. तुम्ही हात लावला नाहीत. तुम्हीही थांबलात, आणि तेव्हा फोन नव्हता, नातू नव्हता, ०.७ नव्हतं. त्या वेळी तुम्हाला ते योग्य वाटलं होतं. मग दुसऱ्या दिवशी फोनने सांगितलं म्हणून स्वतःचंच मत का बदलता?

आता विचारायचं की नाही. 'तू मला दया दाखवलीस का' असं मुळीच विचारू नका. याला उत्तर काय देणार माणूस? 'नाही' म्हणाले तर तुम्हाला खोटं वाटेल, आणि 'हो' तर ते म्हणणारच नाहीत. फोनचा आकडा तर त्यांच्यापुढे काढूच नका. ४३ वर्षं दोघांनी स्वतःच्या डोक्याने खेळलेल्या डावात तिसऱ्याला पंच बसवल्यासारखं होईल. बोलायचंच असेल तर पटाचं बोला. 'मी एच प्यादं पुढे टाकलं नसतं तर तू काय करणार होतास?' एवढं विचारा आणि फोन कानाला धरून बसा. माझा अंदाज आहे की अर्धा तास तरी तुम्हाला बोलायची संधी मिळणार नाही. त्यांनी या डावाचा विचार केला होता की नुसता सोडून दिला होता, ते त्या अर्ध्या तासात आपोआप कळेल.

आणि पत्राबद्दल एक निरीक्षण, रागावू नका. डावाबद्दल तुम्ही अडीच पानं लिहिली आहेत. समोरच्या खोलीला कुलूप लागलं, याबद्दल एक ओळ. मी त्यावर काही म्हणत नाही.

विरार फार लांब नाही हो. करी रोडहून दादर, दादरहून विरार लोकल; दुपारी गेलात तर बसायलाही मिळेल. महिन्यातून एकदा जमलं तरी खूप. बाकीचे रविवार फोनवर खेळा, पण तो नातवाचा बुद्धिबळाचा खेळ डाउनलोड करून नव्हे. दोघांनी आपापल्या घरी पट मांडायचा आणि फोनवर खेळी सांगायची: 'घोडा एफ ३.' एखादी खेळी चुकीची ऐकू येईल, दोन घरांत दोन वेगळे डाव तयार होतील, त्यावरून भांडण होईल. होऊ दे की.

वहीत त्या डावापुढे अर्धा-अर्धा लिहा. आजच लिहा, पेनाने. बरोबरी ११२. वही तुमच्याकडेच राहू द्या, लिहिण्याचं काम ४३ वर्षं तुम्हीच केलंय; पानांचे फोटो काढून त्यांच्या मुलाला पाठवा, म्हणजे तेरा डावांची आघाडी त्यांना हवी तेव्हा बघता येईल. तेवढं सुख त्यांना असू द्या.

राहिला नातू. त्याच्यावर रागावू नका, त्याला वाटलं आपण आजोबांची बाजू घेतोय. रविवारी संध्याकाळी त्याच्यासमोर तीच अकरा सोंगट्यांची मांडणी लावा. पांढरी त्याला द्या, चारही प्यादी. फोन आजीकडे जमा. म्हणावं, जिंकत होते ना ते, मग जिंकून दाखव. तुम्ही राजा जी ७ वरून उगाच हलवू नका, हत्ती मागे मोकळा ठेवा, आणि त्याने प्यादं पुढे केलं की जिथे मारामारी होईल तिथे होऊ द्या. पहिल्या डावात तो घाई करेल, दुसऱ्यात जरा विचार करेल. तिसऱ्या की चौथ्या डावात, साधारण साडेदहाच्या सुमाराला, तो मान वर करून तुमच्याकडे बघेल. काय विचारतो ते मला कळवा.